बाल्कनीखाली वाकलेली बाई

“एकशे अठ्ठ्याण्णव! एकशे नव्याण्णव! दोनशे! संपलं! चला, पोहायला!”

फटाका खुर्चीवरून उठला नाही, उडालाच. या अकरा वर्षांच्या पोराला हळू आवाजात बोलताच यायचं नाही, म्हणून ते नाव. त्याची तेरा वर्षांची बहीण मात्र पडद्यासमोरून हलेना. तिला जगातल्या प्रत्येक गोष्टीची शंका यायची, म्हणून सगळे तिला शंकाच म्हणायचे.

“थांब रे. एकशे बेचाळीसला नाव बरोबर दिलंय का?”

“तू स्वतःच्या लग्नातही विचारशील, नवरा हाच ना म्हणून!”

बोका बिस्किटाचा पुडा पोटाशी धरून खिदळला. बोका हा आत्याचा मुलगा. पावलांचा आवाज न करता चालायचा आणि डबे रिकामे करायचा.

दरवर्षीप्रमाणे सुट्टीत भावंडं आत्याकडे आली होती. आत्या इमारतींचे फोटो काढायची. शाळा, दवाखाने, सभागृहं यांची दरवर्षी तपासणी व्हायची. आत्या फोटो काढून द्यायची आणि तपासनीस साहेब त्यावरून दाखला द्यायचे. खरं म्हणजे साहेबांनी स्वतः शिडी लावून वर चढून बघायचं असतं. पण फोटो असताना चढतंय कोण! बूट मळतात ना!

मुलांना काम एवढंच, की फोटोंना नावं द्यायची. ते संपलं होतं. एवढ्यात दार उघडलं आणि सहा वर्षांची छोटी आत आली. छोटी म्हणजे शंका-फटाक्याची धाकटी बहीण. उद्या सकाळी जुन्या सभागृहात सुट्टीच्या शिबिरातल्या साठ मुलांचं समूहगान होतं आणि त्यात ती गाणार होती. तिचे गाल ओले होते.

“मी नाही गाणार उद्या.”

“का गं? ओळी विसरलीस?” शंकानं तिला जवळ ओढलं.

“आमची पाळी येईपर्यंत आम्हाला बाल्कनीच्या खाली बसवतात. शेवटच्या बाकावर. तिथे ती बाई आहे.”

“कोण बाई?”

“पांढऱ्या केसांची. दिवे घालवले की आधी दिसत नाही, मग हळूहळू दिसते. ती उसासे टाकते. आणि खाली वाकून आमच्याकडे बघते.”

 फटाकासुद्धा “बाप रे” हळूच म्हणाला, यावरून काय ते समजा.

“शिबिराच्या बाईंना सांगितलंस?” बोक्यानं विचारलं.

“त्या म्हणाल्या, मोठ्या मुली घाबरत नाहीत. सभागृहाच्या दारवानकाकांनी ऐकलं, ते म्हणाले, मलाही ऐकू येतात उसासे, गेली दोन वर्षं. तर व्यवस्थापक त्यांनाच ओरडले. म्हणाले, पोरांना भुतांच्या गोष्टी सांगितल्या तर घरी बसवीन!”

हे असं असतं. लहान मूल आणि म्हातारा माणूस एकच गोष्ट सांगतात, तेव्हा मोठी माणसं दोघांनाही गप्प करतात.

“आत्यानं परवाच त्या सभागृहाचे फोटो काढलेत,” शंका म्हणाली. “बघूया.”

“आणि पोहणं?” फटाका कुरकुरला.

“तू जा.”

तो गेला नाही. खुर्ची सरकवून तिच्या शेजारी बसला.

फोटो उघडला. रंगमंचावरून समोर बघत काढलेला. खुर्च्यांच्या रांगा लखलखत होत्या, भिंती स्वच्छ, खांब ठसठशीत. आणि बाल्कनीखाली नुसता काळोख. शाईची बाटली सांडावी तसा.

“इथे काहीच नाही,” बोका म्हणाला.

“काहीच दिसत नाही म्हण. उजेड वाढवून बघते.”

शंकानं फोटोशेजारची कर्व्हची चौकट उघडली. चौकटीत डाव्या तळापासून उजव्या माथ्यापर्यंत एक तिरपी रेघ होती. हे तिला आत्यानंच शिकवलं होतं. रेघेचं डावं टोक म्हणजे फोटोतला अंधार, उजवं टोक म्हणजे उजेड, मधे सगळ्या करड्या छटा. रेघेवर कुठेही बोट ठेवल्यासारखा ठिपका द्यायचा. तो वर ओढला की तेवढीच छटा उजळते, खाली ओढला की तेवढीच काळवंडते. आणि जिथे रेघ चढाची होते, तिथे काळं-पांढरं एकमेकांपासून सुटून दिसतं.

तिनं डावीकडे ठिपका दिला आणि वर ओढला. काळोख राखाडी झाला. धुरकट, सपाट, मेलेला राखाडी. बाई नाही, भिंत नाही, काही नाही.

“बघ! छोटीला भास झाला,” फटाका म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

शंकानं सगळं पूर्ववत केलं आणि माउसचा बाण काळ्या भागावरून फिरवला. बाजूला त्या जागेच्या उजेडाचा आकडा दिसत होता. शून्य. शून्य. आणखी डावीकडे, शून्य. वर, शून्य.

“मला शंका येतेय.”

“आली!” दोघं एकदम म्हणाले.

“खऱ्या अंधारात असं नसतं रे. दोन, पाच, नऊ, तीन, काहीतरी कमीजास्त असतं. इथे सगळीकडे शून्य. म्हणजे अंधार नुसता पडलेला नाही, कोणीतरी दाबलाय! आणि एकदा शून्य झालं की कितीही ओढा, काही परत येत नाही.”

“कोणी दाबला?”

शंकानं आत्याची जतन केलेली एक कर्व्ह उघडली. नाव होतं ‘ठसठशीत’. उजवीकडे वर फुगलेली आणि डावीकडे पार तळाला टेकलेली, आळस देणाऱ्या सापासारखी. साहेबांना फोटो कसे हवेत? ठसठशीत! मग आत्या एकेका फोटोकडे बघत बसायची नाही. हीच कर्व्ह सगळ्या फोटोंना एका फटक्यात लावायची. उन्हातल्या शाळेला तीच आणि अंधाऱ्या सभागृहालाही तीच.

“बोक्या, मूळ फोटोंचं कार्ड कुठे असतं?”

“खालच्या खणात. आईनं हात लावायला मनाई केलीय.”

“तू कधीपासून मनाई पाळायला लागलास?”

बोका उठला. खण कधी उघडला, कुणाला कळलंच नाही.

मूळ फोटो तसा मळकट होता. साहेबांनी नाकच मुरडलं असतं. पण बाल्कनीखाली बाण नेला आणि आकडे हलू लागले. चार. सात. अकरा. सहा. त्या अंधारात काहीतरी होतं.

शंकानं ठिपका दिला आणि हळूहळू वर ओढला.

आधी भिंतीची कड दिसली. मग बाकाची पाठ. मग भिंतीवरून ओघळत आलेला एक लांब, फिकट आकार. खांदे, अंग, जमिनीपर्यंत. त्याच्यावर तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे, विस्कटलेले पांढरे केस. आणि चेहरा असायला हवा तिथे एक काळी फट.

छोटीनं डोळे झाकले. “तीच!”

फटाका किंचाळला, अगदी नावाला जागून! बोक्याच्या हातातलं बिस्किट पडलं आणि त्यानं ते उचललंही नाही.

“बंद कर!” फटाका म्हणाला. “बंद कर ते आधी!”

 पण शंकानं बंद केलं नाही. “छोटे, ती वाकते म्हणालीस ना? कधीपासून?”

“मागच्या वर्षी आम्ही नाच केला तेव्हा ताठ होती.”

“मागच्या वर्षीचं कार्ड, बोक्या!”

आत्याची एक सवय होती. प्रत्येक इमारतीत ती जमिनीवर रंगाची छोटी फुली मारून ठेवायची आणि दरवर्षी कॅमेऱ्याची तिपाई त्याच फुलीवर उभी करायची. त्यामुळे दोन वर्षांचे फोटो एकावर एक ठेवले तर खुर्चीला खुर्ची आणि खांबाला खांब जुळायचा.

शंकानं दोन्ही फोटो उजळले, एकावर एक ठेवले आणि वरचा फोटो दाखवत-लपवत राहिली. मागचं वर्ष. यंदा. मागचं वर्ष. यंदा.

खुर्च्या हलल्या नाहीत. खांब हलले नाहीत. फक्त बाई हलली. मान ताठ. मान खाली. मान ताठ. मान खाली.

“ती वाकतेय,” बोका कुजबुजला.

“माझ्या कार्डांना हात कोणी लावला?”

चौघंही दचकून ओरडले. दारात आत्या उभी होती, हातात कॅमेऱ्याची पिशवी.  पण रागवायचं सोडून ती पडद्याजवळ आली. खाली बसली. बाई वाकत होती, ताठ होत होती.

“हा... हा माझा फोटो आहे?”

“तुझाच. ठसठशीत करायच्या आधीचा,” शंका म्हणाली. ते जरा लागलंच आत्याला.

आत्यानं फोटो मोठा केला.  मग तिचा आवाज वेगळाच आला. “हे केस नाहीत, पोरांनो. ओलीनं गिलाव्यावर फुटलेला लोणा आहे, पांढरा खार. खालचं अंग म्हणजे पाणी झिरपल्याचा ओघळ. भिंतीवरचा ओघळ जागच्या जागी आहे. पण डोकं तुळईच्या टोकावर आहे, आणि ते चार बोटं खाली आलंय. तुळई भिंतीतून निसटतेय! ही फट आहे, चेहरा नाही!”

“म्हणजे उसासे...”

“लाकूड कुरकुरतंय. वर माणसं बसली की.”

खरं तर सगळ्यांना हायसं वाटायला हवं होतं. कुणालाच वाटलं नाही. भूत परवडलं असतं. भूत अंगावर पडत नाही.

“उद्या बाल्कनीत पालक बसणार आणि तिच्याखाली साठ मुलं,” शंका म्हणाली. “आणि छोटी शेवटच्या बाकावर.”

आत्यानं संगणक काखेत मारला. “चला.”

सभागृहाच्या अंगणात गाणारी मुलं खाऊ खात होती. तासाभरात शेवटची तालीम होती. आत साहेब व्यवस्थापकांबरोबर चहा पीत होते. समोर टेबलावर सहीशिक्क्याचा दाखला पडला होता. ‘इमारत सुरक्षित.’

साहेबांनी फोटो बघितले. न बघितल्यासारखे बघितले.

“बाई, संगणकावर काय वाटेल ते करता येतं. मुलांनी रंग ओढलेत, झालं! मी दाखला दिलाय.”

“साहेब, अंधार मी दाबला होता. चूक माझी आहे,” आत्या म्हणाली. “पण तुम्ही वर चढून...”

“कार्यक्रम उद्यावर आलाय! आता काय शिडी आणू?”

“मग राहू दे, साहेब,” शंका एकदम गोड आवाजात म्हणाली. बोका आणि फटाका चमकून तिच्याकडे बघायला लागले. तो आवाज फार धोकादायक होता. “आत्या तुमचा एक फोटो काढेल. दाखल्यासकट. दारवानकाका, खुर्ची ठेवता का? हां, तिथेच. बाल्कनीखाली, शेवटच्या बाकापाशी.”

दारवानकाकांनी खुर्ची नेली, फडक्यानं लख्ख पुसली, ठेवली आणि लगबगीनं बाजूला झाले. त्या अंधारातून येताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

“बसा ना, साहेब,” शंका म्हणाली. “दहा मिनिटं.”

“मला कामं आहेत.”

“पाच?” फटाका म्हणाला.

“हा काय पोरखेळ...”

“दोन? मुलं तर दोन तास बसणार आहेत!”

अंगणातली चार-पाच मुलं दारात येऊन बघत होती. व्यवस्थापक बघत होते. आता मागे फिरलं तर अब्रू जाणार! साहेब दाखला उचलून ताठ चालत बाल्कनीखाली गेले. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

आणि वर कुणीतरी उसासा टाकला.

लांब, थकलेला, ऐकणाऱ्याच्या मानेवरून गार बोट फिरावं असा. वर बाल्कनीत चिटपाखरू नव्हतं.

साहेब खुर्चीकडे बघत राहिले. बैठकीवर पिवळसर भुग्याची एक छोटी रास होती. बघता बघता तिच्यावर आणखी चिमूटभर पडला.

“आत्ताच पुसली होती, साहेब,” दारवानकाका म्हणाले.

साहेबांनी खिशातून टॉर्च काढला, वर मारला आणि पहिल्यांदा, दोन वर्षांत पहिल्यांदा, मान वर करून बघितलं. मग ते असे पळाले की दाखला तिथेच पडला!

“बाहेर! सगळे बाहेर! कुलूप लावा दाराला!”

संध्याकाळपर्यंत बाल्कनीला लोखंडी टेकू लागले. कामगारांनी तुळईचं टोक उघडं केलं, तर आत लाकूड नव्हतंच. वाळवीनं पोखरलेला भुगा होता आणि बाहेर गिलाव्याचं पातळ कवच. मुकादम म्हणाला, “साठ मुलं म्हणालात? मला ऐकवत नाही,” आणि त्यानं मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला.

समूहगान दुसऱ्या दिवशी अंगणात झालं, भर उन्हात. साहेबांनी भाषण केलं. मुलांच्या चाणाक्षपणाचं तोंड भरून कौतुक केलं, प्रसंगावधान वगैरे सगळे शब्द वापरले. फक्त सही कुणाची होती ते सांगायचं राहिलं.

“सही कुणाची होती?” गर्दीतून फटाका ओरडला. हळू बोलता येत नाही त्याला, काय करणार!

लोक हसले. साहेब खाली बसले. मग आत्या उठली. आपली चूक तिनं सगळ्यांसमोर सांगितली आणि म्हणाली, “या पोरांनी माझं ऐकलं नाही, हे फार बरं केलं. आणि या दारवानांचं आपण दोन वर्षं ऐकलं नाही, त्याची मला लाज वाटते.” व्यवस्थापकांना टाळ्या वाजवाव्याच लागल्या. छोटी पहिल्या रांगेत उभी राहून सगळ्यांत मोठ्यानं गायली.

घरी आल्यावर आत्यानं ‘ठसठशीत’ पुसून टाकली. “आता प्रत्येक फोटो वेगळा बघायचा. वेळ लागला तर लागू दे.”

शंका अंगणातले फोटो बघत बसली. एका फोटोत शेवटची रांग दिसत होती. झाडाच्या दाट सावलीत दारवानकाकांनी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. कुणासाठी, ते कुणी विचारलं नव्हतं.

“छोटे, ही खुर्ची रिकामीच होती ना गं?”

छोटी बिस्किट खात होती. “नाही. ती आली होती की गाणं ऐकायला. ताठ बसली होती.”

शंकानं बाण सावलीवर नेला. चार. सात. अकरा. तिनं कर्व्हवर ठिपका दिला. वर ओढायला माउसवर बोट दाबलं.

मग तिनं फोटो बंद केला.

“पोहायला येताय का रे?” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काही तपासून बघायचं नव्हतं.