साखर नसलेल्या कुकीतली साखर

साखरेचा एक कणसुद्धा न घालता केलेली कुकी खाऊन खाणाऱ्याच्या रक्तातली साखर वाढली, तर ती साखर आली कुठून?

हा प्रश्न कृत्तिकाला पडला तेव्हा ती ओट्याखाली गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. पायाशी कुकीचा रिकामा डबा होता. बाहेरच्या खोलीत मयेकर आजोबा कोचावर आडवे झाले होते आणि त्यांच्या दंडावरची पट्टी नारिंगी उजेड फेकत टुकटुक करत होती. ही पट्टी रक्तातली साखर सतत मोजत राहायची. हिरवी असली की सगळं ठीक, नारिंगी झाली की साखर चढतेय. आजोबांना मधुमेह (रक्तातली साखर शरीराला नीट वापरता न येण्याचा आजार) होता आणि आज त्यांना नारिंगी रंगापर्यंत नेलं होतं ते कृत्तिकाने, स्वतःच्या हातांनी, अगदी प्रेमाने.

मयेकर आजोबा तिचे सख्खे आजोबा नव्हते. गुहागरच्या किनाऱ्यावर शेजारच्या घरात राहायचे एवढंच. पण कृत्तिकाचे आई-बाबा दूर समुद्रात पवनमनोऱ्यांवर (वाऱ्यापासून वीज तयार करणारे उंच मनोरे) कामाला होते. आठवडाभर ते तिकडेच असायचे आणि आठवडाभर कृत्तिका आजोबांकडे. तिची वेणी आजोबा घालायचे आणि ती शाळेत पोचेपर्यंत सुटायची. दर शुक्रवारी संध्याकाळी ते तिच्यासोबत धक्क्यावर उभे राहायचे. विजेवर चालणारी होडी दिसेपर्यंत, पाऊस असो की वारा, माणूस हलायचा नाही. कृत्तिकाला हे सगळं कळत होतं. आभार मानायचे कसे एवढंच कळत नव्हतं.

मग तिला नानकटाई आठवली. आजोबांना ती एके काळी जीव की प्राण होती. मधुमेह झाल्यापासून त्यांनी ती सोडली होती आणि बेकरीसमोरून जाताना ते उगाचच समुद्राकडे बघत चालायचे. येत्या रविवारी त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. तेव्हा आजोबांना खाता येईल अशी, बिनसाखरेची आणि बिनपिठाची कुकी आपण करायची, असं तिने ठरवलं होतं. आजची खेप ही त्याचीच रंगीत तालीम होती आणि तालमीतच बोऱ्या वाजला होता.

"चाखू, इकडे ये," तिने ओट्याखालूनच हाक मारली.

चाखू हा आजोबांच्या स्वयंपाकघरातला रोबो. धड पाच किलोच्या डब्याएवढं, दोन लांब हात आणि तोंडाच्या जागी धातूची पातळ जीभ. पदार्थाला जीभ लावली की त्यात काय काय आहे ते त्याला समजायचं. एक मात्र होतं. जेवढं विचाराल तेवढंच सांगायचा. त्यापुढे एक अक्षर नाही.

"मी तुला काल विचारलं होतं ना, यात साखर आहे का?"

"विचारलं होतंस. नाही, असं मी सांगितलं. ते खरं आहे."

"आणि धान्याचं पीठ आहे का, तेही विचारलं होतं."

"नाही, असं सांगितलं. तेही खरं आहे."

"मग पट्टी नारिंगी का झाली?" कृत्तिकाचा आवाज रडवेला झाला.

"हा प्रश्न तू काल विचारला नव्हतास," चाखू म्हणाला.

थोड्या वेळाने टुकटुक थांबली. आजोबा उठून आत आले आणि ओट्यासमोर जमिनीवरच बसले. गुडघे कुरकुरले, पण ते बसले.

"मी ठीक आहे. डॉक्टरांशी बोललो, पाणी प्यायलो, अंगणात चार फेऱ्या मारल्या. आता उतरतेय साखर. पण कृत्तिकाबाई, तुम्ही कुकीत घातलं तरी काय होतं?"

"काहीच वाईट नव्हतं हो! गोडीसाठी अंगणातल्या स्टीव्हियाची पानं घातली." स्टीव्हिया (जिची पानं गोड लागतात, पण ज्यांच्या गोडीतून शरीराला साखर मिळत नाही अशी वनस्पती) आजोबांनीच लावलेली होती. "लोणी घातलं, वेलची घातली. आणि पिठाऐवजी साबुदाणा दळून घातला."

"साबुदाणाच का?"

"आई एकादशीला पोळी खात नाही, भात खात नाही. साबुदाणा खाते. म्हणजे साबुदाणा हे काही पीठबीठ नाही. उपवासाला चालतं ते हलकं असतं. म्हणून मला वाटलं…"

आजोबा हसले नाहीत. हसू दाबताना त्यांच्या मिशा थोड्या हलल्या, इतकंच.

"पण तुम्हाला खाताना कळलं नाही का?" कृत्तिकाने विचारलं. "तुम्ही तर आयुष्यभर कंदमुळांवरच संशोधन केलंत. तीन तीन कुकीज खाल्ल्यात!"

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. "चल, आधी प्रयोग करू," ते म्हणाले.

त्यांनी तिला कोरड्या पोळीचा एक तुकडा दिला. भाजी नाही, चटणी नाही. "गिळायचा नाही. नुसता चावत राहा."

कृत्तिका चावत राहिली. आधी काही विशेष लागलं नाही. मग तिच्या भुवया वर गेल्या. "गोड लागतंय!"

"पोळीत साखर घातली होती का मी?"

"नाही."

"मग आली कुठून? तुझाच प्रश्न आहे हा."

आजोबांनी शिवणाच्या पेटीतून मण्यांची एक माळ काढली. "हा एकेक मणी म्हणजे ग्लुकोज, साखरेचा सगळ्यात साधा कण. सुटा असला तर जिभेला गोड लागतो. पण झाडं काय करतात, हे मणी एकात एक ओवून लांबच लांब माळा करतात आणि साठवून ठेवतात. या माळेला म्हणतात पिष्ट. माळ जिभेला गोड लागत नाही. गव्हाच्या दाण्यात पिष्ट, तांदळात पिष्ट, बटाट्यात पिष्ट. आता तुझ्या थुंकीत असतं एक विकर (शरीरातली रासायनिक कामं झटपट करून देणारा पदार्थ). ते कात्रीसारखं ही माळ कापतं. म्हणून पोळी चावता चावता गोड झाली."

त्यांनी दोरा कापला. मणी टपाटप जमिनीवर सांडले आणि ओट्याखाली गेले. चाखू निमूटपणे ते वेचायला लागला.

"पोटात तर अशा कात्र्या कितीतरी," आजोबा म्हणाले. "सगळ्या माळा सुट्या होतात आणि मणी रक्तात जातात. तुझ्या शरीरात इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींच्या आत पोचवायला मदत करणारा स्राव) भरपूर आहे, म्हणून तू पोळी खा, भात खा, वाढत्या वयाला ते हवंच. माझ्याकडे ते नीट काम करत नाही. मण्यांची गर्दी रक्तातच राहते. आणि साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. धान्य नाही, खरं आहे. पण आहे जवळजवळ नुसतं पिष्ट."

कृत्तिका हळूच म्हणाली, "म्हणजे मी तुम्हाला माळेतून साखरच चारली."

"हो. पण आता तुला माळ ओळखता आली तर?"

आजोबांनी औषधांच्या कपाटातून जखमेवर लावायचं आयोडीन आणलं आणि पाण्यात मिसळून पातळ केलं. बशीत साबुदाण्याचं पीठ ठेवून त्यावर एक थेंब टाकला. पिवळट तपकिरी थेंब बघता बघता निळाकाळा झाला.

"आयोडीन पिष्टाच्या माळेत शिरलं की असा रंग येतो. एक मात्र पक्कं लक्षात ठेव. आयोडीन लागलेलं काहीही तोंडात घालायचं नाही, थेट कचऱ्यात."

मग काय विचारता! कृत्तिकाने फडताळातला एकही डबा सोडला नाही. शिंगाड्याचं पीठ काळं झालं. राजगिऱ्याचं काळं झालं. उपवासाचा सगळा फराळ एकामागोमाग एक तिच्या डोळ्यांदेखत नापास झाला. बेसनही गेलं. तिची सगळी आशा काजूवर होती, कारण आजोबांच्या परसात काजूची झाडं होती. पण कुटलेल्या काजूवरचा थेंबही काळपट झाला आणि तिचं तोंड पडलं.

शेवटी दोन बश्या उरल्या. एकीत बदामाची भरड, दुसरीत सुक्या खोबऱ्याचा कीस. थेंब पडले. दोन्हीकडे तपकिरीच राहिले.

"पास!" कृत्तिका ओरडली. मग एकदम थांबली आणि चाखूकडे वळली. आज ती एक गोष्ट शिकली होती. "चाखू, यांच्यात पोटात जाऊन साखर होईल असं एकूण किती आहे? साखर, पिष्ट, सगळं धरून?"

चाखूने दोन्ही बश्यांतल्या आयोडीन न लागलेल्या बाजूला जीभ लावली. "थोडंसं आहे. साबुदाण्याच्या मानाने फारच कमी. तेल, प्रथिनं आणि तंतू जास्त."

"छान प्रश्न," आजोबा म्हणाले. ते मनापासून खूश झाले होते.

शनिवारी सकाळी कृत्तिकाने बदाम, खोबरं, स्टीव्हिया आणि वेलची लोण्यात मळली आणि गोळे करून ओव्हनमध्ये ठेवले. वास असा सुटला की सुट्टीवर घरी आलेले बाबा कुंपणापलीकडून डोकावले. पण ताटातून उचलायला गेली तर कुकीचा भुगा झाला. दुसरी उचलली, तिचाही भुगा.

ती हिरमुसली. आजोबांनी भुग्यावर दही घातलं आणि चमच्याने खाऊन टाकला. पट्टी हिरवीच राहिली.

"म्हणजे रसायन बरोबर आहे, बांधकाम चुकलंय," ते म्हणाले. "पीठ फक्त पोट भरत नाही, ते धरूनही ठेवतं. गव्हात ग्लुटेन (पाणी घालून मळल्यावर चिकट जाळी तयार करणारं प्रथिन) असतं, आणि तुझ्या साबुदाण्याची खळ झाली होती. इथे यातलं काहीच नाही. आता घरात असं काय आहे, जे पातळ असतं आणि तापवलं की घट्ट होतं?"

कृत्तिकाने डोळे मिटून विचार केला. रोज सकाळी ताटात काय असतं? "ऑम्लेट!"

"अंड्यातलं प्रथिन. उष्णतेने त्याचे धागे उलगडतात आणि एकमेकांत गुंततात. लाव त्याला कामाला."

रविवारी दुपारी आई-बाबा, आजोबा, सगळे स्वयंपाकघरातच जमले. कृत्तिकाने मिश्रणात अंडं फेटून घातलं. साखर नसल्यामुळे या कुकीज ओव्हनमध्ये आपोआप पसरत नाहीत, म्हणून प्रत्येक गोळा काट्याने दाबून चपटा केला. ताट बाहेर आलं. कडा सोनेरी झाल्या होत्या. तिने अधीर होऊन हात पुढे केला.

"कृत्तिका," चाखू म्हणाला.

सगळे दचकले. त्याला कोणी काहीच विचारलं नव्हतं.

"तू काल रात्री मला सांगितलंस, की मी योग्य प्रश्न विचारायला विसरले तर तू आठवण कर. तू विसरलीस. कुकी आत्ता उचलली तर मोडेल का? हो. लोणी आणि बदामातलं तेल अजून पातळ आहे. गार होऊ दे."

कृत्तिकाने हात मागे घेतला. पंख्याखाली ताट ठेवून सगळे त्याच्याकडे टक लावून बसले. आईने दोनदा फुंकर मारली, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. अखेर कृत्तिकाने एक कुकी अलगद उचलली. कुकी अख्खी होती.

"डॉक्टरांना विचारलंय ना?" तिने आजोबांना दरडावून विचारलं.

"काय काय घातलंय ते सगळं सांगितलंय. एक खा, पट्टी बघा, मग दुसरीचं ठरवा, म्हणाले."

आजोबांनी घास घेतला. कुरकुर आवाज झाला. ते हळूहळू चावत राहिले. कृत्तिका त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतीच, तिचे डोळे दंडावर होते. चहा झाला, उरलेल्या कुकीज डब्यात भरून झाल्या, गप्पा झाल्या, बाहेर ऊन कलायला लागलं. पट्टी हिरवी होती आणि हिरवीच राहिली.

कृत्तिकाने सुटकेचा निःश्वास टाकला. "आजोबा, मोठी झाल्यावर मी इन्सुलिन नीट काम करेल असं काहीतरी शोधून काढणार. मग तुम्ही बेकरीतली नानकटाईसुद्धा खा."

"शोधशील. पुष्कळ लोक शोधतायत, त्यांना तुझ्यासारखी प्रश्न विचारणारी माणसं हवीच आहेत." आजोबांनी डबा जवळ ओढला. "तोवर मला ही चालेल."

"मला तुमचे आभार मानायचे होते," ती एका दमात म्हणाली. "वेणीबद्दल, धक्क्यावर थांबता त्याबद्दल, सगळ्याबद्दल. आणि पहिल्याच खेपेला मी तुम्हाला साबुदाणा घातला."

"तो मला पहिल्या घासालाच कळला होता," आजोबा म्हणाले.

कृत्तिकाने चमकून मान वर केली.

"कळला होता? मग तीन का खाल्ल्यात?"

"शास्त्रज्ञाला न शोभणारा मूर्खपणा केला, पुन्हा नाही करणार. पण कितीतरी वर्षांनी कोणीतरी मुद्दाम माझ्यासाठी काही गोड केलं होतं. तू दारात डबा घेऊन उभी होतीस. नाही म्हणवलं नाही गं."

कृत्तिकाने जाऊन आजोबांच्या हिरव्या पट्टीच्या दंडाला घट्ट मिठी मारली.

आजोबांनी मोकळ्या हाताने डब्यातली दुसरी कुकी उचलली.

"त्या दिवशी तुझ्यासाठी खाल्ल्या होत्या," ते म्हणाले. "ही माझ्यासाठी खातोय."