पंख्याचा आवाज

टायमिंगची बत्ती तुला देतो, पण फुकट नाही. पंधरा मिनिटं बसायचं आणि ऐकायचं. मागच्या शेडमध्ये दातांच्या डॉक्टरची गाडी चालू करून ठेवलीय. इंजिन पुरतं गरम झाल्याशिवाय टायमिंगला हात लावायचा नसतो, एवढं तरी तुला ठाऊक असेल. तो घोंघावतोय ना, तो तिचा पंखा. थेट पट्ट्यावर फिरतो, इंजिन चालू आहे तोवर थांबत नाही. तो आवाज कानात ठेव.

तुम्ही लॅपटॉपवाले. गाडी आली की वायर जोडायची, पडद्यावर जे उमटेल ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचं आणि वर स्वतःला मेकॅनिक म्हणवून घ्यायचं. पोस्टमनला कुणी लेखक म्हणत नाही. आता एक जुनी इंजेक्शनची गाडी दारात आली, लॅपटॉप खुपसायला जागा सापडेना, तेव्हा माझी आठवण झाली. असो. मी फटकळ आहे हे साऱ्या बाजाराला माहीत आहे. माझ्या मनातून उतरलेल्या माणसांची यादी केली तर तू बराच खाली येशील, काळजी करू नकोस. पहिला नंबर माझ्या थोरल्या भावाचा होता.

दादा कानाने टायमिंग लावायचा, ठिणगी नेमकी कधी पडायला हवी ते ऐकून ठरवायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. गिऱ्हाइकं श्वास रोखून उभी. मला हसू आवरायचं नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खपून गेलं. मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि दादाची फजिती व्हायला लागली. त्यांत कॉम्प्युटर बसलेला. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर आपण फिरवावा, तर तो आतल्या आत ठिणगी मागेपुढे करून आपली चूक झाकून टाकतो. म्हणून आधी टेस्टच्या सॉकेटमधली दोन भोकं तारेने जोडून त्याला गप्प करायचं आणि मग बत्ती मारून पुलीवरची खूण वाचायची. दादा तार जोडायलाच विसरायचा. तासभर कान लावून कॉम्प्युटरची बडबड ऐकायचा आणि वर म्हणायचा, "झकास लागलंय." मी चारचौघांत सांगायचो, आमच्या दादाशी इंजिन बोलतं खरं, पण थापा मारतं. लोक हसायचे. दादाही हसायचा, आणि ते मला जास्त झोंबायचं.

म्हणून मी ही बत्ती आणली. एक नंबरच्या प्लगच्या वायरीला चिमटा लावला की त्या प्लगच्या प्रत्येक ठिणगीबरोबर ही लखकन उजळते. पुली गरगर फिरत असते, पण दर खेपेला ती त्याच जागी असताना उजेड पडतो, म्हणून थांबल्यासारखी दिसते. पंखाही जवळजवळ थांबलेला दिसतो. जवळजवळ म्हणतोय, ध्यानात घे. त्याची पुली वेगळ्या मापाची, त्यामुळे बत्तीत तो उलटा, अगदी सावकाश सरकताना दिसतो. डोळ्यांना फसवायला तेवढं पुरतं. हात घातला की हात गेला.

सात वर्षांपूर्वी हीच गाडी, हीच शेड, दुपारची वेळ. बत्ती नीट दिसावी म्हणून शटर अर्धं ओढलेलं. बत्ती माझ्या हातात, दादा डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करत होता. बारा नंबरचा पाना त्याच्या हातून निसटला आणि पंख्यामागच्या पत्र्यावर जाऊन पडला.

"बत्ती बाजूला घे," दादा म्हणाला.

"दोन सेकंद थांब की," मी म्हणालो. खूण नुकती कुठे स्थिर दिसायला लागली होती आणि मला आकडा वाचायचा होता. मी बत्ती हलवली नाही. दादाने हात घातला. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्यात तो एवढंच म्हणाला, "पंख्याचा आवाज थांबला होता रे... म्हणून घातला हात."

हे वाक्य मी साऱ्या बाजारात फिरवलं. कानाने टायमिंग लावणाऱ्याला हातभर अंतरावरचा पंखा ऐकू आला नाही, असं सांगत सुटलो. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून नकलाही केल्या. माझ्या दोन सेकंदांचं कुणाला सांगितलं नाही. दादानेही सांगितलं नाही. तो पुढे तीन वर्षं त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर डाव्या हातात चहाचा कप धरून बसून असायचा. मग एक दिवस गेला. वहिनीने माझ्याशी बोलणं टाकलं ते मात्र अपघाताच्या दिवसापासूनच.

मागच्या महिन्यात डॉक्टरची गाडी परत आली. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा माणूस, स्वतःच्या बोनेटमध्ये कधी डोकावला नाही. मला म्हणतो, "गाडी जरा उदास वाटते हो." मी म्हटलं, गाडी उदास नसते, मालक निष्काळजी असतो. त्याला दादाच्या स्टुलावर बसवलं आणि कामाला लागलो. इंजिन गरम केलं, तार जोडली, चिमटा लावला, शटर ओढलं. बोल्ट सैल केला आणि पाना हातातून निसटला. पंख्यामागे, त्याच पत्र्यावर. मी मनातल्या मनात स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि पाना कुठे पडलाय ते बघायला बत्ती तिकडे वळवली.

पंखा थांबलेला होता.

सरकत नव्हता. मी डोळे ताणून पाहिलं. एक पातं माझ्यासमोर, तसूभरही हलत नव्हतं. आणि आवाज... इंजिनाची धडधड होती, पण घोंघावणं नव्हतं. पंखा अडला तर पट्टा किंचाळायला हवा, जळक्या रबराचा वास सुटायला हवा. वास येत होता, पण तो रॉकेलचा आणि कपडे धुवायच्या साबणाचा. काम संपवून आला की दादाच्या हातांना यायचा तो.

मग बोटं दिसली. पात्याच्या कडेवर, पलीकडच्या बाजूने आलेली. चार. खिडकीची चौकट धरावी तशी घट्ट धरलेली. तर्जनीचं नख मधोमध चिरलेलं. ते हातोडीखाली सापडलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. बोटांच्या मागे तळवा नव्हता, मनगट नव्हतं... बत्ती लखकन उजळायची आणि दर खेपेला बोटं तिथेच.

तुला वाटेल मी पळालो. मला आधी राग आला. म्हटलं, मेल्यावरही हा मला शिकवायला आला. त्या रागात मी हात घातला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. पाना उचलला. तो कोमट होता, मघापासून कुणाच्या तरी मुठीत असावा तसा. हात जेमतेम बाहेर काढला, बत्तीचा खटका सोडला आणि त्याच क्षणी पंखा घोंघावला. माझ्या बाहीची कड फाटून पंख्यात गेली.

मागून डॉक्टरने विचारलं, "अहो, बत्ती बाजूला घे, असं कुणाला म्हणालात?"

मी तोंडही उघडलं नव्हतं. "काही नाही... बसा तुम्ही," म्हणालो. बोल्ट कसाबसा आवळला आणि गाडी तशीच अर्धवट पाठवून दिली.

त्याच संध्याकाळी वहिनीच्या दारात जाऊन उभा राहिलो. बत्तीचं सांगितलं, दोन सेकंदांचं सांगितलं, बोटांचंही सांगितलं. बाजारात दादाच्या नकला केल्या तेही सांगितलं. चुकलो म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून तू कधी ऐकला नसशील. मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि सात वर्षांनी माझ्याशी बोलली.

"भावोजी, त्यांच्यासाठी तुम्ही बत्ती बाजूला घेतली नाहीत. आणि ते तुमच्यासाठी पंखा धरून उभे आहेत." हातातली घडी मोडून तिने पुन्हा घातली. "किती दिवस धरतील?"

त्यानंतर मी बत्ती पेटवलेली नाही. आज सकाळी डॉक्टर गाडी ठेवून गेला, अजून उदास आहे म्हणे. दादाचं आणि माझं, दोघांचं राहिलेलं काम आज पुरं करायचंय. एकट्याने करायची माझी छाती नाही, तेव्हा बत्ती तू धरायची. काम झालं की घेऊन जा, मला ती पुन्हा दिसायला नको. फक्त एक लक्षात ठेव. मी बाजूला घे म्हणालो की लगेच घ्यायची, आकडा राहिला तर राहू दे. मी म्हणालो नाही, पण तुला ऐकू आलं... तरी घ्यायची.

चल, ऊठ. पंधरा मिनिटं झाली.

थांब जरा. खुर्ची वाजवू नकोस. बत्ती इथे माझ्या मांडीवर आहे, चिमटा कशालाच लावलेला नाही. शेडमध्ये कुणी नाही. इंजिन चालू आहे, ऐक, धडधडतंय...

पंखा ऐकू येतोय का तुला?