काकण न सुटलेला हात

आमच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता आणि पलटणीतून तार आली. एकाहत्तर साल, तुळशीची लग्नं नुकतीच झालेली. हंबीररावांना संध्याकाळी मिरजेहून गाडी धरायची होती. सासूबाई म्हणाल्या, "जोडीनं जावा. सांगलीची बाग दाव तिला, मग आष्ट्याच्या यस्टीत बसीव."

असा मान माझ्या एकाही जावेला मिळाला नव्हता. मी हिरवं लुगडं नेसून अशी मिरवत निघाले की विचारू नका. मनात एकच होतं, जाण्याआधी त्यांना तोंडानं सांगायचं, परत या. घरभर माणसं, चार शब्द बोलायची सोय झाली नव्हती.

बागेत झाडाझाडाला पाटी. मी हळूच विचारलं, "काय लिवलंय वो?"

"ही विंग्रजी न्हाई, झाडांची शास्त्रातली नावं हायती. आमच्या कर्नलला बी वाचाय यायची न्हाई." मग त्यांनी स्वतःच झाडांना हुद्दे दिले. तो उंच ताड सुभेदार, हा चाफा हवालदार.

"आन् ही बुटकी?"

"ती तू. रिक्रूट!"

मी पदर तोंडात कोंबून हसले. इतकं मोकळं मी माहेरीसुद्धा हसले नव्हते.

पण त्यांची चाल पलटणीची. बोलता बोलता पुढे निघून गेले. बागेच्या टोकाला वेलींचा लांबच लांब मांडव होता, तिकडे वळताना मी त्यांना पाहिलं आणि मागोमाग आत शिरले. बाहेर लख्ख ऊन, आत मात्र काळोख. कुजलेल्या पाल्याचा ओला वास. पाखराचाही आवाज नाही. मध्यावर आले तरी ते दिसेनात. नव्या नवरीनं नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी हाक मारली, "आवं..."

"ओ," अगदी जवळून आलं.

एका हातानं माझा हात धरला. गार होता. अंधारात माझी लाज कुठं पळाली कोण जाणे. अंतरपाट खाली आला तेव्हा माझ्या हातातून अक्षता सांडल्या, तुम्ही लय आवडलात, सगळं सगळं सांगून टाकलं. शेवटी मी म्हणाले, "परत याल न्हवं?"

"येतो."

"शबूद द्या."

त्या हातानं माझा हात घट्ट दाबला. मनगटाला काहीतरी टोचलं. हळकुंड! ओल्या हळदीचा वास आला. नवरदेवाचं काकण होतं ते, गाठीसकट.

ह्यांचं काकण तर मीच सोडलं होतं, परवा, सगळ्या बायकांच्या देखत, एका हातानं.

"आवं... तुमीच हाय न्हवं?"

बोटं एकेक करून सुटली. मी पळत उजेडात आले. लांब फाटकाजवळ हंबीरराव शेंगा घेत उभे होते.

"कुठं हुतीस? मी मांडवाला वळसा घालून आलो. आत कोण जातंय त्या अंधारात!"

माझं मनगट पिवळं झालं होतं. "हळद अजून सुटंना व्हय तुजी?" म्हणून ते हसले आणि आपल्या रुमालानं पुसून रुमाल खिशात घातला. तोवर यस्टीची वेळ झाली. सांगायचं ते सांगून झालं होतं, पण ऐकलं भलत्यानंच. शब्दही त्यानंच दिला होता. रस्ताभर मी रडले.

लढाई झाली. शिमग्याला हंबीरराव आले, धडधाकट, मिशा वाढवून. सगळी गल्ली दारात लोटली. हलगी वाजत होती, सासूबाई हसत होत्या, रडत होत्या. मी भाकरतुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन धावले. आनंदात भान कुठलं, तांब्या हिंदकळत ओरडले, "आवं!"

"ओ!" पायरीवरून ते हसत म्हणाले.

आणि त्यांच्या मागून, हळूच, आणखी एक. "ओ."

मागे कुणी नव्हतं. ओल्या हळदीचा वास मात्र होता. तुकडा आधी ह्यांच्यावरून ओवाळला. मग त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेवरूनही ओवाळला.

शब्द त्यानंही पाळला होता.