पंचनाम्यातली सायकल

त्या दिवशी सकाळी बायकोला, राखीला म्हटलं, "दुपारपर्यंत येतो," आणि मोटारसायकल काढली. अमडापूरजवळच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान. बुलढाण्याच्या कोर्टात काम एवढंच होतं, की पंचनाम्यावरची सही माझी आहे असं सांगायचं.

पंचनामा जानरावच्या अपघाताचा. मागच्या दिवाळीआधी, दिवेलागणीला, तो सायकलनं घरी चालला होता. माझ्या दुकानाजवळच गुलाबरावच्या टेम्पोनं त्याला मागून उडवलं, त्यात तो गेला. सायकल कडेच्या गवतात पडली होती. गुलाबराव माझं जुनं गिऱ्हाईक. पोलीस यायच्या आधी कानाशी येऊन म्हणाला, "गजू, सायकल मधात ओढ ना बे... येवढंच कर." मी ओढली. पंचनाम्यात आलं, सायकल रस्त्याच्या मधोमध. आता विमा कंपनीचा वकील म्हणत होता, मधून चालणाऱ्याची अर्धी चूक, म्हणून जानरावच्या बायकोला, केसरबाईला, भरपाईही अर्धीच.

फाटा सोडला आणि हँडल उजवीकडे ओढायला लागलं. उतरून हवा पाहिली, चाक फिरवून पाहिलं. सगळं ठीक. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. माझ्या मुठीवर कोणीतरी मूठ ठेवून सावकाश वळवत होतं. समोरून ट्रक आला. दोन्ही हातांनी जोर लावून गाडी डावीकडे घेतली, तेव्हा जेमतेम वाचलो.

शेतांतून मळणी झालेल्या सोयाबीनच्या कुटाराचा वास येत होता. त्यात ओल्या लोखंडाचा वास मिसळला. मागून आवाज आला... टिक, टिक, टिक... पायडल न मारता सायकल उतारावर सोडली की येतो तसा. वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

गाडी बंद केली आणि ढकलत निघालो. पांढऱ्या पट्टीच्याही बाहेरून, मातीत पाय टाकत, खाली मान घालून. शंभर पावलं मोजली. वर पाहिलं तर रस्त्याच्या मधोमध उभा होतो, आणि पुढ्यात एसटी ब्रेक मारून थांबलेली.

"मराचं हाय का बे?" ड्रायव्हर ओरडला. "मधात काऊन चालून राह्यला?"

"मी तं कडेनंच..."

गाडी तिथंच बाभळीखाली टाकली आणि त्याच एसटीत बसलो. बुलढाणा येईपर्यंत काय बोलायचं ते ठरलं होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात गुलाबराव भेटला. "पंचनाम्यात हाय तेच सांगजो." पलीकडे बाकावर केसरबाई. मला पाहून ती सरकली. "बसा भाऊ, लांबून आले." मला बसवलं नाही.

पिंजऱ्यात उभा राहिलो आणि सांगून टाकलं. "सायकल कडेले होती साहेब. मधात मी ओढली. गुलाबरावनं सांगितलं म्हणून."

"मग सही का केली?" कंपनीच्या वकिलानं विचारलं.

"भेलो होतो."

केसरबाईनं पदर तोंडाला लावला. गुलाबराव केव्हाच निघून गेला होता. पुढे निकालात जानरावची कसलीही चूक धरली नाही, आणि केसरबाईला भरपाई पूर्ण मिळाली.

पण त्या दिवशीची एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, आज तुम्हाला सांगतो.

साक्ष टाइप झाल्यावर कोर्टातल्या टायपिस्ट बाईंनी कागद पुढे केला, वाचून सही करा म्हणाल्या. सगळं माझंच बोलणं होतं. फक्त खाली दोन वाक्यं जास्त होती. "मी सायकल ओढत होतो तेव्हा जानराव पाणी मागत होता. मी आधी सायकल ओढली."

खरं होतं ते. गुलाबराव तेव्हा दूर टेम्पो कडेला घेत होता. ऐकणारा मी एकटाच होतो. घरी राखीलासुद्धा मी हे कधी बोललो नव्हतो.

"बाई, हे... हे मी नाही बोललो."

त्यांनी मान वर केली. "आत्ताच तर बोलले तुम्ही. दोनदा. साहेबांनी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं." मग माझ्याकडे नीट पाहत म्हणाल्या, "दुसऱ्यांदा बोलले तेव्हा आवाज पार घोगरा झाला होता तुमचा... पाणी देऊ का?"