फाटकाची दुसरी चावी

“स्नेहा! आधी बाहेर ये!”

सासूबाईंची हाक ऐकून स्नेहा उकळता चहा तसाच टाकून धावली. विठाबाई बागेच्या फाटकाशी उभ्या होत्या. आत पांढऱ्या शेवंतीचा अख्खा वाफा कापलेला, फुलं मातीत लोळत होती. उद्या पौष पौर्णिमा. हीच फुलं विहारात न्यायची होती. पावसाळ्यापासून विठाबाईंनी त्या वाफ्याची लेकरासारखी उस्तवार केली होती.

“कुलूप जागच्या जागी हाय,” त्या म्हणाल्या. “आणि माझी चावी फिरंना.”

ते कुलूप स्नेहानेच निवडलेलं. देवळाली कॅम्पच्या दुकानदाराने दाबून लागणारं दाखवलं, तेव्हा ती नको म्हणाली. सासूबाई चावी आत विसरून फाटक ओढून घ्यायच्या. कुलूप उघड्यावर राहणार म्हणून पितळी, भोकावर झाकण असलेलं आणि चावीशिवाय लागणारच नाही असं तिने शोधून आणलं. आता तोच शहाणपणा अंगाशी आला होता. भिंतीवर काचा लावलेल्या. म्हणजे जो कुलूप लावून गेला त्याच्याकडे चावी होती, आणि चाव्या दोनच. एक विठाबाईंच्या कमरेला. दुसरी स्नेहाची, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर.

मागोमाग बाहेर आलेल्या धम्मपालने बायकोकडे पाहिलं आणि नजर वळवली. का वळवली ते तिला कळलं. विहारात फुलांचं तबक दर पौर्णिमेला स्नेहा धरायची. या खेपेला ते धाकट्या जावेला, मनालीला मिळणार होतं. मनाली दिवाळीनंतर लग्न होऊन मालवणहून आली, तेव्हापासून घरात तिच्याच कौतुकाचं भरतं. तिला “मनाली बेटा, तू बस हां”, आणि स्नेहाला “झाडू कुठं उलथवलास?” स्नेहाच्या पोटात दुखायचं, आणि ते तिला लपवताही येत नसे.

“चावी इकडं दे,” विठाबाई हळूच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“देते. आधी कुलूप बघू द्या.”

स्नेहाने झाकण सरकवलं. भोकात पांढरं काहीतरी बसलं होतं. मेण? चावीचा ठसा घ्यायला? तिने केसांतली पिन घालून कणभर काढलं, बोटांत चोळलं, वास घेतला. ते बोटांवरच विरघळलं. तिने पिन परत केसांत खोवली.

“काल दुपारी घरी कोण होतं?”

“मी होतो, संध्याकाळच्या पाळीला जाईपर्यंत,” धम्मपाल म्हणाला. “मनाली होती. जेवायच्या सुट्टीत तूही येऊन गेलीस.”

“आणि आई, तुम्ही?”

“इथंच ओट्यावर पडले व्हते. मग विहार झाडायला गेले, ती अंधारातच आले.”

“कुलपाचा आवाज आला?”

“नाय. लय खडखडतं ते. जाग आली असती.”

“बरं. चावी फिरत नाही, तर आता कुलपात काय घालू?”

“मशीनचं तेल,” धम्मपाल म्हणाला.

“रॉकेल,” विठाबाई म्हणाल्या.

“चार थेंब खोबरेल घाला ना ताई,” दाराशी उभी मनाली म्हणाली. “आमच्याकडे कोयत्यापासून कडीपर्यंत सगळ्याला तेच.”

स्नेहाला जे वाटलं तो निव्वळ आनंद होता, आणि तो फारसा चांगला नव्हता.

“घातलंयस की कालच,” ती म्हणाली. “आवाज होऊ नये म्हणून. दुपारच्या उन्हात तेल पातळ होतं, चावी गुपचूप फिरली. खिळ्यावरची माझी चावी. काम झाल्यावर कुलूप लावलंस नि चावी जागेवर ठेवलीस. पण हे मालवण नाही. रात्रीच्या थंडीत तेल भोकातच गोठलं. इथल्या माणसाला ते पाठ असतं, म्हणून कुलपात खोबरेल इथं कोणी घालत नाही.”

तिने कुलूप दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली. चावी घातली. फिरली. बोटं तेलकट झाली, ती तिने विठाबाईंच्या नाकाशी धरली.

मनालीचा चेहरा उतरला.

“पण तबक तर तुलाच दिलं व्हतं गं,” विठाबाई म्हणाल्या. “मग का?”

“तबक नको होतं मला!” मनाली रडू लागली. “चावी ताईंना. हाक ताईंना. मला नुसतं ‘तू बस हां’, पाहुणी असल्यासारखं. त्यांच्यावर ओरडता तसं माझ्यावर एकदा तरी ओरडलात का? वाटलं, त्यांच्यावरचा विश्वास उडाला तर मला घरातली समजाल.”

मग विठाबाईंनी पदर खोचला.

“भवाने! रडतीस काय उभी राहून? आत शिर! चांगली फुलं येच, पाण्यात ठेव. सगळा वाफा खणल्याबिगर आज तुला घास मिळायचा नाय! आणि चपला काढ, रोपं तुडवशील माझी!”

मनाली डोळे पुसत आत पळाली. विठाबाई तिच्या मागोमाग गेल्या, तोंडाचा पट्टा चालूच होता. शिव्या एकाहून एक खाशा. आजवर त्या सगळ्या स्नेहाच्या वाट्याच्या होत्या.

धम्मपाल ओशाळून म्हणाला, “चुकलंच माझं. चल, चहा घेऊ.”

स्नेहा हलली नाही. ती निर्दोष ठरली होती, चावी तिच्याकडेच राहिली होती, आणि छातीत मात्र आग पडली होती. वाफ्यात सासूबाई मनालीचा हात हातात धरून खुरपं कसं धरायचं ते दाखवत होत्या, ओरडत होत्या. तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.