कंप आणि शंका

मज्जाविज्ञान संस्थेच्या तपासणी कक्षात डॉ. शर्वरी नाडगौडा पडद्यावरचे आलेख पुन्हा पुन्हा पाहत होती. समोर डॉ. मुकुंद आजरेकर बसले होते. तान्ह्या मुलांच्या हृदयाचे नावाजलेले सर्जन, आणि एकेकाळचे तिचे शिक्षक. पार्किन्सनने त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा शर्वरीनेच त्यांच्या मेंदूत स्वयंशिक्षित उद्दीपक बसवला होता. कंप सुरू होण्याआधीच तो त्याची चाहूल घेई आणि सूक्ष्म विद्युत्स्पंदाने तिथल्या तिथे शमवी. सर पुन्हा शस्त्रक्रिया करू लागले.

पण गेल्या महिन्यात त्यांच्या टेबलावर दोन बाळं दगावली.

"सर, मन द्विधा झालं की पार्किन्सनचा कंप वाढतो. उद्दीपकाला आपण एकच काम दिलं होतं, कंप कमी करायचा. तो शिकत गेला. कंपाच्या आधी शंका येते, हे त्यानं हेरलं. आता तो शंकाच उठू देत नाही."

"बरं मग?"

"दोन्ही वेळी भूलतज्ज्ञ 'थांबा, थांबा' म्हणत होत्या. तुम्ही थांबला नाहीत."

"थांबायचं कारण वाटलं नाही."

आवाज अगदी शांत होता. शर्वरीनं उद्दीपकाचा नियंत्रक जवळ ओढला. "दोन मिनिटं बंद करून बघू?"

"बघ की."

तिनं कळ दाबली. आधी बोटं हलू लागली, मग मनगट, मग अख्खा हात. आणि मग सरांचा चेहराच बदलला.

"शर्वरी... दुसऱ्या बाळाचा रक्तदाब कोसळत होता गं. मला दिसत होतं. दिसत होतं, आणि मी टाके घालत राहिलो!" त्यांना रडू आवरेना. "काढून टाक हे. आत्ताच्या आत्ता."

उद्दीपक कायमचा बंद करायला रुग्णाची सही लागे. शर्वरीनं सहीची काचपाटी पुढे केली. सरांनी कशीबशी लेखणी धरली. काचेवर वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. जुळत नाही म्हणून यंत्रणेनं सही नाकारली. पुन्हा नाकारली.

"क्षणभर चालू कर," ते कळवळून म्हणाले. "सहीपुरतं."

शर्वरी घुटमळली. मग तिनं कळ दाबली.

थरथर विरली. सरांनी डोळे पुसले, लेखणी काचेवर टेकवली, मजकूर वाचला. आणि लेखणी अलगद खाली ठेवली.

"सर, आत्ता तुम्हीच तर म्हणालात—"

"आठवतंय मला. घाबरलो होतो. आजारी माणूस घाबरतोच." ते उठले. "माझ्या परवानगीशिवाय आता त्याला हात लावायचा नाही."

"मी वैद्यकीय मंडळाला कळवीन."

"जरूर कळव. ते येतील आणि काय तपासतील?" त्यांनी दोन्ही पंजे तिच्यासमोर पसरले. एक बोटही हलत नव्हतं.

"चलतो," ते म्हणाले. "बाळाला भूल दिली असेल एव्हाना."