बंद माळ्यातली खार

"ट्रूडी, प्रोबस्टांचा माळा सप्टेंबरात जाळी ठोकून तूच बंद केला होतास ना?" फोनवर डेल मॅटिला होता.

"मीच. का?"

"काल रात्री घर पेटलं. अर्लिनला शेजाऱ्यांनी बाहेर काढलं. व्हर्न गेला, धुराने. माळ्यात वायर कुरतडलेली आहे. आणि तिच्याजवळ खार मरून पडली आहे."

ट्रूडी हाउगेन हातातला कप तसाच धरून उभी राहिली. टॅमरॅक तळ्याकाठच्या झाडीत जेवढी घरं आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त घरांचे उंदीर, मुंग्या, वटवाघळं आणि खारी तिच्या हवाली. तिने बंद केलेल्या घरात पुन्हा जनावर शिरलं, असं कधी झालं नव्हतं.

"म्हणजे माझ्याकडून भोक राहिलं?"

"मी नाही म्हणत. कर्ट म्हणतोय. दुकानात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, ट्रूडीने माझ्या बापाला मारलं म्हणून."

कर्ट हा व्हर्न आणि अर्लिन प्रोबस्ट यांचा मुलगा. शहरात राहतो, पहाटेच येऊन धडकला होता. आणि दुकानात पडलेला शब्द आमच्याकडे दुपारच्या आत तळ्याला फेरी मारून येतो. ट्रूडी गाडीत बसेपर्यंत दोन घरांचे निरोप आले, तूर्तास येऊ नकोस म्हणून. तिला त्यांचा राग आला नाही. तिला छळत होता तो वेगळाच विचार. खरंच राहिलं असेल तर?

प्रोबस्टांच्या दारात डेल वाट बघत होता. एरवी हा माणूस नळ दुरुस्त करतो. घंटा वाजली की आमच्या गावचा बंब चालवतो. रात्रभराच्या धुराने त्याचे डोळे लाल झाले होते.

घराची एक बाजू काळी ठिक्कर पडली होती, दुसरी शाबूत होती. मागे तळ्याच्या कडेला बर्फाचा थर धरायला लागला होता. काठावर लाकडी धक्क्याच्या फळ्या रचून ठेवलेल्या, शेजारी ताडपत्रीखाली होडी पालथी. ताडपत्रीवर पाइनच्या सुयांचा थर, त्यावर बर्फ.

ट्रूडीने शिडी लावली आणि वळचण तपासायला सुरुवात केली. खारीला कोंबडीच्या अंड्याएवढं भोक पुरतं. तिने हात फिरवून जाळी पाहिली, स्क्रू पाहिले, धुराड्याची टोपी हलवून पाहिली. मग जळक्या बाजूच्या राखेत गुडघे टेकून बसली. तिथली जाळी खाली पडली होती. पण स्क्रू कोळशात तसेच रुतलेले होते आणि जाळीची एकही तार तुटलेली नव्हती.

"सगळं जागच्या जागी आहे," ती म्हणाली.

"मग खार काय हवेतून आली?"

"माळ्याचं झाकण उघडं होतं?"

"पक्कं बंद. आम्हीच कुऱ्हाडीने फोडलं." डेलने मान खाजवली. "राग मानू नकोस, पण सप्टेंबरात तूच तिला आत कोंडली असशील."

"पाण्यावाचून एवढे दिवस जगली असती का ती? आठवड्याभरात वासाने घर सोडायची वेळ आली असती."

दोघं फुटक्या झाकणातून माळ्यावर चढली. खार वायरीपाशी होती. ट्रूडीने तिच्याकडे जेमतेम पाहिलं आणि टॉर्च शाबूत कोपऱ्याकडे वळवला. तिथे केक भाजायची पत्र्याची ताटली होती, काठोकाठ भरलेली. तिच्याभोवती सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पसरली होती.

"पाणी आमचं आहे," डेल म्हणाला. "रात्री थोडं का मारलंय?"

"पाणी तुमचं असेल. ताटली कोणाची?"

"गळतीखाली ठेवली असेल."

"छप्पर मागच्याच उन्हाळ्यात नवीन घातलंय त्यांनी."

दोघं माळ्यावरून उतरली.

खाली ओसरीत एक पिंजरा होता. त्याच्या तारेत तांबड्या केसांचा पुंजका अडकला होता. ट्रूडी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. आपल्यावरचं बालंट टळणार, हे तिला कळत होतं. कोणावर जाणार, तेही कळायला लागलं होतं, आणि ते तिला नको होतं.

"अर्लिनकडे जाऊ या," ती म्हणाली.

अर्लिन शेजारच्या घरी होती, खुर्चीत, अंगावर दुसऱ्याच कोणाचा तरी स्वेटर. कर्ट मागच्या अंगणात फोनवर बोलत होता. डेल होता म्हणून ट्रूडीला आत घेतलं, नाहीतर दारातूनच परत पाठवली असती.

"आलीस?" अर्लिन म्हणाली. "तुझ्या भरवशावर होतो गं आम्ही."

"मला दोन-चार गोष्टी विचारायच्या आहेत, अर्लिन. ओसरीतल्या पिंजऱ्यात काय सापडलं होतं?"

"खार. तांबडी."

"कधी?"

"नोव्हेंबरात, हरणांची शिकार सुरू झाली तेव्हा. व्हर्न रानात गेला होता."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही बाई. तो पिंजऱ्यासकट पिंपात बुडवायचा. ते मला बघवत नाही."

"मग काय केलंत तिचं?"

"पलीकडच्या काठावर सोडून आले."

"कशाने गेलात?"

"होडीने. या डोळ्यांनी मी गाडी चालवते की काय?"

डेल मान डोलावत होता, तो मध्येच थांबला.

"अर्लिन," तो हळूच म्हणाला, "होडी तर ऑक्टोबरातच वर काढली ना? धक्कासुद्धा उचललाय तुमचा."

अर्लिनने स्वेटरची बाही ओढली. "मग चालत गेले असेन. मला आता आठवत नाही."

ट्रूडी तिच्यासमोर स्टुलावर बसली. गप्प बसावं असं तिला फार वाटलं. पण बाहेर कर्टचा आवाज ऐकू येत होता, आणि त्यात तिचं नाव होतं.

"तुम्ही तिला कुठेच नेलं नाहीत," ती म्हणाली. "बाहेरून आत यायला वाट नव्हती, मी जाळीची तार न् तार बघून आले. ती घरातून वर गेली, आणि झाकण काही खारीला उघडता येत नाही. तिला कोणीतरी वर सोडलं आणि झाकण लावून घेतलं. वर पाण्याची ताटली आहे, बियांची टरफलं आहेत. व्हर्नने तिला मारलं असतं, पाणी पाजलं नसतं. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून वरची खुडबुड त्यांना कळली नाही. तुम्हाला रोज कळत होती. कोंडलेली खार दात चालवतेच, अर्लिन. तिच्या तोंडी वायर लागली."

अर्लिनने हातातली बाही सोडली.

"वसंतात सोडणार होते," ती म्हणाली. "बर्फ वितळला की."

"आधीच का नाही सोडली?" डेलने विचारलं.

"हिलाच विचार." अर्लिनने ट्रूडीकडे बोट केलं. "जाळी ठोकताना हीच म्हणाली होती. आता पलीकडे नेऊन सोडली तर ती थंडीत उपाशी मरते, तिचा साठा सगळा इकडे असतो. दारात सोडावी तर पुन्हा व्हर्नच्या पिंजऱ्यात. म्हणाली होतीस की नाही?"

"म्हणाले होते."

"खरं होतं ना ते?"

"खरं होतं."

"मग मी काय करायला हवं होतं?"

हा प्रश्न ट्रूडीला दर घरात विचारतात, आणि तिच्याकडे उत्तर तयार असतं. आज खोटं बोलावं, काहीतरी गोड बोलावं, असं तिला वाटलं. पण समोरची बाई तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मारायला हवी होती," ट्रूडी म्हणाली.

अर्लिनने मान हलवली. मग ती रडली, आवाज न करता. ट्रूडीने तिचा हात हातात घेतला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. डेल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"डेल, हे कर्टला कळलंच पाहिजे का?" अर्लिनने विचारलं.

"मला विचाराल तर नको," डेल म्हणाला. "पण वायर का जळली ते मला सांगावं लागणार. ट्रूडीवर ढकलू का?"

अर्लिनने ट्रूडीकडे पाहिलं. ती हो म्हणेल, असं एक क्षण दोघांनाही वाटलं. ट्रूडीने नजर वळवली, कारण अर्लिन हो म्हणाली असती तर नाही म्हणायची ताकद आपल्यात नाही, हे तिला ठाऊक होतं.

"नको," अर्लिन म्हणाली. "बोलाव त्याला. माझ्या तोंडून कळू दे."

ट्रूडी उठायला लागली.

"तू बस. तू गेलीस तर माझा धीर सुटेल."

कर्ट आत आला. ट्रूडीला बघून दारातच थबकला. "ही इथे काय करतेय, आई?"

"बस इथे, बाळा. ट्रूडीने एकही भोक ठेवलं नव्हतं."

"मग ती खार आत आली कशी?"

अर्लिनने त्याला जवळ बसवलं आणि सांगायला सुरुवात केली.